परवाना घराला नको, सुईणीला हवा

घरी बाळंत होणं आपल्या देशात गुन्हा नाही. कुठल्याच कायद्याने ते मना केलेलं नाही, आणि सरकारला ते ठाऊक नाही असंही नाही. जननी सुरक्षा योजना 2005 मध्ये आली. तिच्यात ग्रामीण महाराष्ट्रातली दारिद्र्यरेषेखालची बाई दवाखान्यात बाळंत झाली तर तिला 700 रुपये मिळतात, घरी झाली तरी 500 मिळतात. आशाताईंच्या गृहभेटींचं वेळापत्रक बघा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी आणि घरी जन्मलेल्याला सात, कारण पहिल्या दिवसाची भेट जादा. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करताना जो अर्ज भरतात त्यात प्रसूतीच्या वेळी कोणती मदत मिळाली याचा रकाना असतो. सरकारी संस्था, खाजगी संस्था, मग डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित सुईण, त्याखाली पारंपरिक सुईण, आणि सगळ्यात शेवटी नातेवाईक व इतर. पैसे द्यायचे, भेटी मोजायच्या, रकाने भरून घ्यायचे, हे सगळं सरकार करतं. त्या घरात त्या घटकेला कुणी हजर असावं आणि तिला काय काय करता यायला हवं, एवढंच तेवढं कुठे सांगत नाही.

माझं म्हणणं असं आहे की घरच्या बाळंतपणावर बंदी नको आणि त्याचा उदोउदोही नको. बाळंतपण करणाऱ्या बाईला तिच्या कौशल्याचा परवाना द्यावा, आणि त्या परवान्यावर तिला रुग्णालयात, उपकेंद्रात आणि ठरावीक अटींवर कुणाच्या घरीही काम करता यावं. आज परवाना इमारतीभोवती फिरतो. प्रसूतिगृहाची नोंदणी करणारा 1949 चा कायदा आपल्याकडे आहे, त्यात खाटांचा हिशेब आहे, कर्मचाऱ्यांचा आहे. इमारतीच्या बाहेर पाऊल टाकलं की कायदा संपतो, आणि बाळंतपणं काही तिथे संपत नाहीत.

कोकणात हा प्रश्न आता उरलाय कुठे, असं विचारणारे भेटतात. त्यांच्या हातात आकडे असतात आणि ते आकडे खरे आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं संस्थेत झालेली दिसतात. 2018-20 या काळात राज्यात लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या. देशाचा आकडा 97 होता. दवाखान्यात चला, हा आग्रह आरोग्यसेविकांनी आणि आशाताईंनी वर्षानुवर्षं दारोदार फिरून धरला, त्याचं हे फळ आहे. त्यावर पाणी ओतायचा माझा हेतू नाही.

पण उरलेली पाचेक टक्के बाळंतपणं राज्यभर सारखी विखुरलेली नसतात. रस्ता जिथे संपतो तिथे ती साठतात. सह्याद्रीच्या उतारावरचे धनगरवाडे, रायगडातल्या कातकरी वाड्या, खाडीच्या आतल्या अंगाच्या, गावठाणापासून तुटलेल्या चार-चार घरांच्या वाड्या. इथली बाई विचारपूर्वक घर निवडते अशातला भाग नाही. कळा रात्री सुरू होतात, नवरा मुंबईला असतो, सासरे टॉर्च घेऊन वरच्या वाडीत माणसं गोळा करायला जातात, डोली करून तिला खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणायची ठरते आणि तेवढ्यात पाणमोट फुटते. रुग्णवाहिका 108 ची असो नाहीतर 102 ची, ती डांबरी रस्त्यावरच उभी असते.

आणि कोकणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. दाभोळवरून धोपावे डोळ्यांसमोर दिसतं, फेरीबोटीने काही मिनिटांत माणूस पलीकडे. रात्री उशिरा फेरीबोट बंद झाली की तेच धोपावे चिपळूणच्या वळशाने गाठावं लागतं. जयगड आणि तवसाळचं तेच. सिंधुदुर्गात गुंतागुंतीची केस म्हटली की नातेवाईक आपसूक गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाचा विचार करतात, म्हणजे जिल्हाच काय, राज्यही ओलांडायचं. घाटात दरड आली की कोल्हापूर, कराड नकाशावरच राहतात. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तर ज्या शहराकडे आसपासचे सगळे तालुके रुग्ण पाठवतात तेच शहर पाण्याखाली होतं. त्या दिवशी कुणा बाईला कळा सुरू झाल्या असतील तर 'संस्थात्मक प्रसूती' हे दोन शब्द तिच्या काय कामाचे?

मी याच पट्ट्यात वकिली करते. उशिराच्या जन्मनोंदीची कामं आमच्याकडे नेहमी येतात. जन्माला वर्ष उलटलं आणि नोंद नसेल तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. 2023 च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेलं. पासपोर्टसाठी, पेन्शनसाठी, वारसासाठी माणसं येतात, वय पन्नाशी-साठीचं, जन्म घरचा. पुरावा काय, तर शाळेचा दाखला आणि जमलंच तर सुईणीचं प्रतिज्ञापत्र. एका म्हाताऱ्या सुईणीला असं प्रतिज्ञापत्र करायला आणलं होतं. टेबलाशी बसवलं, शाईचा पॅड पुढे केला, तर तिने अंगठा पुढे करायच्या आधी पदराने नीट पुसून घेतला. तारीख विचारली तर म्हणाली, "लावणी चालू होती, पऱ्याला पाणी होतं, पोर पायाळू." पायाळू मूल आणि आईही, दोघांनाही तिने सुखरूप सोडवलं होतं. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदावर तिची ओळख 'साक्षीदार' एवढीच होती.

हे वाचून कुणी जुन्या सुईणींच्या नावाने गहिवरणार असेल तर जरा थांबावं. विळ्याने नाळ कापून वर राख किंवा शेण थापलेली बाळं धनुर्वाताने आठवड्याभरात जायची, हाही आपल्याच घरांतला इतिहास आहे. सटवाईने नेलं, असं म्हणून लोक गप्प बसायचे. आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारताच्या नावावर लागायला 2015 साल उजाडलं. ते लसीने झालं, स्वच्छ ब्लेडने झालं आणि दवाखान्यात झालेल्या बाळंतपणांनी झालं. वार अडकली आणि रक्त थांबेना, तर अनुभवी सुईणही शेवटी देवाला नारळ बोलण्यापलीकडे फार काही करू शकत नसे. रक्तस्राव हे आजही या देशात बाळंतपणात आई दगावण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, आणि तो तास-दोन तासांत जीव घेतो.

सरकारचं सुईणींशी असलेलं नातंही काही सरळ नाही. दाईंना शिकवायचे प्रयत्न इंग्रजी अमदानीपासूनचे. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने 1903 मध्ये त्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड निघाला. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः सत्तरच्या दशकाच्या शेवटी, गावोगावच्या दाईंची प्रशिक्षणं झाली, पाच स्वच्छता (हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ) शिकवल्या गेल्या, ब्लेड-दोरा-साबणाची पाकिटं वाटली. पुढे जागतिक धोरणाचं वारं फिरलं. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'कुशल प्रसूती सहाय्यक' कोण याची व्याख्या केली आणि पारंपरिक दाई त्या व्याख्येच्या बाहेर पडली. धोरण म्हणून त्यात तथ्य होतं. पण आपल्याकडे दाईला बाहेर काढताना तिच्या जागी वाडीत दुसरं कुणी आणलं नाही. त्यात जातीचाही भाग होता, तो झाकण्यात अर्थ नाही. बाळंतपणाचा विटाळ ज्यांनी उचलायचा त्या बायका बहुतेक करून खालच्या मानलेल्या जातींतल्या. शेरभर तांदूळ, नारळ आणि जुनं लुगडं यावर त्यांची बोळवण व्हायची. अशा कामाला पगार, पद आणि नोंदवहीत नाव द्यावं हे कुणाच्या मनात यायला उशीर लागला तर नवल नाही.

आता नवी सुईण कायद्यात आली आहे. डिसेंबर 2018 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसविका सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. परिचारिकेचं शिक्षण आणि अनुभव असलेल्या बाईला आणखी 18 महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं आणि सुरळीत बाळंतपणं तिने तिच्या जबाबदारीवर करायची, डॉक्टरने गुंतागुंत झाली तर यायचं, अशी ती कल्पना. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या (नर्सिंग) आणि प्रसविद्या (सुईणकाम) आयोगाचा कायदा केला, 1947 च्या नर्सिंग कौन्सिलच्या कायद्याची जागा घेण्यासाठी. त्यात प्रसविद्या हा परिचर्येच्या शेजारचा, नाव असलेला व्यवसाय आहे, राष्ट्रीय आणि राज्य नोंदवह्या आहेत, राज्यांनी आपापले आयोग स्थापायचे आहेत, नोंद नसताना व्यवसाय केला तर शिक्षा आहे. इथवर ठीक. पण 2018 च्या सूचनांतली प्रसविका रुग्णालयातल्या तिच्या कक्षात बसते, आणि 2023 चा कायदा घरी बाळंतपण कुणी, कुठल्या अटींवर करावं याचा निवाडा करत नाही. नोंदवहीत नाव असलेली सुईण रात्री दोन वाजता खाडीपलीकडच्या घरी गेली तर ती कर्तव्यावर असेल का कर्तव्य सोडून गेलेली असेल, हे आजच्या घडीला कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि ती जाणार नाही, कारण ती मूर्ख नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 106 बघा. निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर पाच वर्षांपर्यंत कैद. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून घडला तर कमाल दोन वर्षं. आता नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे कोण, याचं स्पष्टीकरण त्याच कलमाखाली आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्याखालची पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव. म्हणजे डॉक्टर. त्याच खाटेवर, त्याच बाळंतपणात, डॉक्टरला दोन आणि नर्सला पाच. डॉक्टरांवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी तज्ज्ञाचं मत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं. घरी गेलेल्या आरोग्यसेविकेच्या बाबतीत स्थानिक पोलीस ठाण्यात ते किती पाळलं जाईल, याची मला तरी खात्री वाटत नाही. वाडीत काही विपरीत घडलं तर आधी जमाव येतो, मग पोलीस येतात. अशा स्थितीत "मी येत नाही, तुम्ही तिला खाली घेऊन या," असं सांगणारी आरोग्यसेविका कायद्याच्या नजरेत अगदी सुरक्षित असते. वर जाऊन हात घालणारी धोक्यात असते. ही उलटी रचना आपण केली आहे, आणि मग डोलीचे फोटो पेपरात आले की हळहळतो.

युरोपात या गोंधळावर खटला झाला आहे. हंगेरीत घरी बाळंत होण्यावर बंदी नव्हती, पण मदतीला जाणाऱ्या आरोग्य व्यावसायिकावर कारवाई होऊ शकत होती. म्हणजे जवळजवळ आपल्यासारखंच. 2010 मध्ये टर्नोव्स्की प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने म्हटलं की कायदा असा संदिग्ध ठेवणं म्हणजे त्या बाईच्या खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे. पुढच्याच वर्षी हंगेरीने परवाना आणि अटींसह नियम केले. मात्र 2016 मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने चेक प्रजासत्ताकाच्या बाबतीत असं ठरवलं की राज्याने घरच्या बाळंतपणाला सुईण पुरवलीच पाहिजे असं बंधन नाही. दोन्ही निकाल एकत्र ठेवले की मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं: सरकारने हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं, पण काय ते म्हणावं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात प्रजननविषयक निवड ही घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानली. कुठे आणि कुणाच्या हातून बाळंत व्हायचं हा प्रश्न तिथून फार लांब नाही.

तरी मी निवडीच्या हक्कावर ही बाजू उभी करणार नाही. शहरात हौसेने, यूट्यूब पाहून, कुणा गुरूच्या सांगण्यावरून घरी बाळंत होण्याचं जे खूळ आहे त्याच्याशी वाडीतल्या बाईचं काही देणंघेणं नाही. 2018 मध्ये तमिळनाडूत तिरुपूरला एक शिक्षिका व्हिडिओ पाहून केलेल्या घरच्या बाळंतपणात गेली. 2025 मध्ये केरळात मलप्पुरमला एक बाई घरच्याच बाळंतपणात गेली. दोन्ही वेळा नवऱ्याला अटक झाली. दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना प्रशिक्षित माणसाला मुद्दाम दूर ठेवणं हा हट्ट आहे आणि त्याची किंमत हट्ट धरणारा देत नाही. पण या दोन्ही ठिकाणी कायदा कधी आला? बाई गेल्यावर. आधी येऊन दार ठोठावणारी, 'तुमचं पहिलं बाळंतपण आहे, घरी होणार नाही' असं अधिकाराने सांगणारी परवानाधारक सुईण आपल्याकडे कुणी कल्पिलेलीच नव्हती.

पहिलं बाळंतपण घरी नको, हे मी वाऱ्यावर म्हणत नाही. इंग्लंडमध्ये 2011 मध्ये 'बर्थप्लेस' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी जोखमीच्या बायका, प्रशिक्षित सुईणी, वेळेवर येणारी रुग्णवाहिका, सगळं जागच्या जागी. दुसरं-तिसरं बाळंतपण असलेल्यांच्या बाबतीत घरी आणि रुग्णालयात बाळाच्या धोक्यात लक्षणीय फरक दिसला नाही. पहिलटकरणींमध्ये मात्र बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यूचं प्रमाण रुग्णालयात हजारी 5.3 होतं, घरी 9.3. आणि घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे 45 टक्के बायकांना मध्येच किंवा नंतर रुग्णालयात हलवावं लागलं. इंग्लंडच्या रस्त्यांवर 45 टक्के हलवता येतात. गुहागर तालुक्यात जुलै महिन्यात?

म्हणून माझ्या कल्पनेतला नियम बराच करडा आहे. नियोजित घरचं बाळंतपण फक्त परवानाधारक सुईणीच्या हातून. पहिलटकरीण नाही, आधी सिझेरियन झालेली नाही, जुळं नाही, पायाळू किंवा आडवं मूल नाही, रक्तदाब चढलेला नाही, अंगात रक्त कमी नाही, दिवस भरलेले आहेत. आणि या वैद्यकीय अटींच्या जोडीला एक आमच्याकडची अट: सिझेरियन होऊ शकेल आणि रक्त चढवता येईल अशा ठिकाणी त्या दिवशी, त्या वेळी किती मिनिटांत पोचता येईल याची लेखी नोंद. फेरीबोटीची शेवटची फेरी, भरती-ओहोटी, पऱ्यावरचा साकव, घाटाची स्थिती, सगळं त्यात यावं. पावसाळ्यात हा हिशेब बदलतो म्हणून जून ते सप्टेंबर वेगळा तक्ता. प्रसूतीची प्रगती दाखवणाऱ्या पार्टोग्राफवर धोक्याची पहिली रेषा ओलांडली की इथल्या सुईणीने उठायचं, चार तासांनंतरच्या पुढच्या रेषेची वाट पाहायची नाही, कारण ते चार तास वाटेतच जातात.

तिच्या पिशवीत काय असावं हेही परवान्यातच लिहावं. हातमोजे, निर्जंतुक ब्लेड, नाळेचे चिमटे, बाळाला श्वास देण्याची अंबू बॅग, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकण्याचं डॉप्लर, रक्तदाबाचं यंत्र, डोक्याला बांधायची बॅटरी. रक्त थांबवायला ऑक्सिटोसिन, पण ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. म्हणून जोडीला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, ज्यांना फ्रीज लागत नाही. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस. ही औषधं कुणी वापरावीत याचा मोठा बाऊ करायचं कारण नाही. आणीबाणीत ऑक्सिटोसिन आणि मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायची मुभा केंद्राच्या 2010 च्या सूचनांनी आरोग्यसेविकेला दिलेलीच आहे.

एवढ्या चाळण्या लावल्यावर नियोजित घरचं बाळंतपण करायला पात्र ठरतील अशा बायका कोकणात थोड्याच उरतील, हे मला दिसतं आहे. चालेल. परवान्याचा खरा उपयोग त्या थोड्यांना होणार नाही. तो होईल अवचित घरी अडकलेल्या बाईला, आणि त्याहून जास्त, वाडीजवळच्या उपकेंद्रात बाळंत होऊ शकणाऱ्या बाईला. डोंगरी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असावं असा निकष आहे. त्या उपकेंद्रात पूर्वी बाळंतपणं व्हायची. आता कित्येक ठिकाणी टेबल आहे, टेबलावर लसींचे डबे आहेत, आणि आरोग्यसेविका सगळ्यांना पुढे पाठवते. पुढचं प्राथमिक आरोग्य केंद्र ग्रामीण रुग्णालयात पाठवतं, ग्रामीण रुग्णालय जिल्ह्याला. शेवटी बाई वाटेत गाडीतच बाळंत होते आणि रकान्यात काय लिहायचं यावर वाद होतो. अधिकार असलेली सुईण उपकेंद्रात रात्री असती तर यातली निम्मीअधिक पाठवापाठव झालीच नसती, असं माझं मत आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञांचा आक्षेप ठाऊक आहे. सुरळीत वाटणारं बाळंतपण क्षणात बिघडतं. बिघडल्यावर ते आमच्या गळ्यात येतं. बाई आमच्या टेबलावर गेली की गुन्हा आमच्यावर. यातला शेवटचा भाग अगदी खरा आहे आणि त्यावर उपाय कायद्यानेच करावा लागेल. सुईणीने किती वाजता काय पाहिलं, काय दिलं, कधी निघाली, याचा कागद बाईसोबत जावा आणि त्या कागदापासून पुढची जबाबदारी मोजली जावी. मात्र हा आक्षेप घेणाऱ्यांनी दुसरा आकडाही बघावा: त्याच 2019-21 च्या पाहणीत देशातल्या खाजगी संस्थांमधली 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी संस्थांत 14.3 टक्के. यातली सगळी अनावश्यक होती असं कुणी म्हणणार नाही. सगळी आवश्यक होती असंही कुणी शपथेवर सांगेल असं वाटत नाही. बाळंतपणाजवळ वाट पाहायला बसणारी व्यक्ती आपल्या व्यवस्थेत उरलेली नाही, आणि सुईणीचं निम्मं काम वाट पाहण्याचंच असतं.

रुग्णालयाच्या दारात काय होतं तेही नियमात यायला हवं, वाचायला क्षुल्लक वाटलं तरी. घरून किंवा वाटेतून आलेल्या बाईला पहिलं वाक्य ऐकावं लागतं ते "इतका वेळ घरी काय करत होतात?" ते ऐकून पुढच्या खेपेस तिची जाऊ आणखी उशिरा निघते. सुईणीलाही तेच ऐकावं लागतं, वर तिला बाहेर थांबवतात. परवानाधारक सुईण बाईसोबत प्रसूतीच्या खोलीत राहील, तिचं म्हणणं नोंदवून घेतलं जाईल, हा तिचा हक्क असावा.

जुन्या सुईणींनाच परवाने द्या, असं काही कार्यकर्ते मनापासून म्हणतात. त्यांना इंग्लंडचा 1902 चा कायदा आठवत असावा. तिथे सुईणींची नोंदणी सुरू करताना वर्षभर काम केलेल्या आणि चारित्र्य चांगलं असलेल्या जुन्या बायकांना परीक्षेविना वहीत घेतलं, आणि मग 1910 पासून विनापरवाना सराईत धंद्यावर बंदी आणली. शहाणपणाचा मार्ग होता तो. आपण तो पन्नास वर्षांपूर्वी घेतला असता तर बरं झालं असतं. आज वाडीतली सुईण सत्तरीची आहे, तिने गेल्या दहा वर्षांत मोजकी बाळंतपणं केली आहेत आणि हाताचा सराव सुटला की या कामात आठवणीवर भागत नाही. तिला परवाना देणं म्हणजे तिच्यावर नसती जबाबदारी टाकणं. पण तिचं नाव वहीत असावं, सोबतीण म्हणून. कुठल्या घरात कितवा महिना आहे, कोण लपवतंय, कोणाचे पाय सुजलेत हे तिला आशाताईच्या आधी कळतं. तिने बाईला वेळेत सुईणीपर्यंत आणलं तर तिला मानधन मिळावं, आणि तिच्या लेकी-सुनांना प्रशिक्षणाच्या जागांत प्राधान्य. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले; 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते काम बाळांचं होतं, बाळंतपणाचं नव्हतं, हा फरक मी विसरत नाही. पण कमी शिकलेली बाई नियम पाळून, नोंद ठेवून काम करू शकते का, या शंकेचं उत्तर महाराष्ट्राने तेव्हाच जगाला दिलेलं आहे.

सगळ्या गर्भवतींना नवव्या महिन्यात रुग्णालयाजवळ आणून ठेवा, मग हे परवान्याचं लफडंच नको, असा एक सोपा उपाय सुचवला जातो. आदिवासी जिल्ह्यांत माहेरघर योजनेत ते करतातही, आणि खाडीपलीकडच्या बायकांसाठी पावसाळ्यात ते व्हायलाच हवं. अडचण वेगळीच असते. दुसरेपणाची बाई दोन आठवडे घर सोडून आली तर मोठ्या पोराचं काय, गोठ्यातल्या जनावरांचं काय, लावणीला कोण? तिच्यासोबत पोराला आणि सासूला राहायची, जेवायची सोय आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे असतील तरच ती येईल आणि टिकेल. अशा दोन खोल्या किनारपट्टीच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात काढायला कायदा बदलावा लागणार नाही. जिल्हा परिषदेने मनावर घेतलं तर येत्या जूनला त्या सुरू होतील. त्या खोल्यांत रात्री बाईजवळ कोण असेल, आणि तिला हात लावायचा अधिकार असेल का, हे मात्र राज्य आयोगाच्या नियमांतच ठरायला हवं. ते नियम लिहिताना मुंबईतल्या बैठकीला कोकणातली एखादी उपकेंद्रावरची आरोग्यसेविका बोलवावी, आणि तिला प्रवासभत्ता द्यावा.